मुलीची रास्पबेरी आणि 640 युरोंचं बिल

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या जूनमध्ये आम्ही पुण्याहून इथे, स्टुटगार्टजवळ बोब्लिंगेनला आलो. मिस्टर आधी चाकणला नोकरीला होते, आता इथल्या कंपनीत आहेत. मी पुण्यात शाळेत शिकवत होते. सध्या घरी असते, आठवड्यातून दोनदा जर्मनच्या क्लासला जाते. मुलगी साडेचार वर्षांची आहे.

हातात 3,290 युरो येतात. हीटिंगसकट घरभाडं 1,420, वीज 128, इंटरनेट आणि दोन मोबाइल 115, टीव्ही-रेडिओची वर्गणी 18.36, मुलीचं किंडरगार्टन 160, दोघांचे प्रवासाचे पास 126, मिस्टरांची जिम 35, ओळखीच्या एका गृहस्थांकडून घेतलेली पेन्शन पॉलिसी 150, किराणा-भाजी 480. पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता आणि सासू-सासऱ्यांसाठी मिळून 550 पाठवतो. महिनाअखेरीला शंभर युरो उरले तर उरले. त्यात परवा घरमालकाचं मागच्या वर्षाचं 640 युरोंचं बिल आलं आणि घरात चांगलीच वादावादी झाली.

मी प्रत्येक किंमत रुपयांत आणायला शंभराने गुणते. कोथिंबिरीची जुडी घेतानाही. मागच्या आठवड्यात दुकानात लेकीने रास्पबेरीचा डबा उचलला, 2.49 युरो. मी काही बोलायच्या आतच तिने तो परत ठेवला आणि म्हणाली, ‘महाग आहे ना आई?’ तेव्हापासून मला झोप नाही. किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्जही कागदपत्रं जमत नाहीत म्हणून राहिलाय. मी कमवत नाही, त्यामुळे स्वतःसाठी काही घेताना अपराधी वाटतं. कुठे काटछाट करू? मेमध्ये आई येतेय. तिला तूप, पेढे, हापूस, किराणा सगळं आणायला सांगू का? तेवढाच खर्च वाचेल.

— एक वाचक, बोब्लिंगेन

प्रिय मैत्रीण,

आधी लेकीचं बघू, मग बिलाचं.

साडेचार वर्षांच्या मुलीने स्वतःहून डबा परत ठेवला, याचा अर्थ घरातली पैशांची चिंता तिच्यापर्यंत पोचली आहे. तुम्ही तिला काही सांगितलं नसेल. पण भाजीच्या रांगेत आईचा चेहरा मुलं बरोबर वाचतात. आता जरा हिशेब मांडा. जर्मनीत किमान वेतन 2026 पासून तासाला 13.90 युरो आहे. म्हणजे सगळ्यात कमी पगारावर काम करणारा माणूस तो डबा अकरा मिनिटांच्या कमाईत घेतो. दर आठवड्याला दोन डबे घेतले तरी महिन्याचे वीस-बावीस युरो होतात. तुमच्या यादीत यापेक्षा कितीतरी मोठी भोकं आहेत आणि त्यातलं एकही स्वयंपाकघरात नाही. तेव्हा पुढच्या खरेदीला तिला एक फळ तिच्या मनाने निवडू द्या आणि ते घ्या. बाकीच्या दिवशी गोठवलेल्या रास्पबेरीची पिशवी आणा, ती बरीच स्वस्त पडते आणि दह्यात छान लागते. जूनमध्ये तुमच्या भागात स्ट्रॉबेरीची शेतं लोकांसाठी खुली होतात. आपण तोडायची आणि वजनावर पैसे द्यायचे. तिला घेऊन जरूर जा.

शंभराने गुणण्याची सवय नव्याने आलेल्या प्रत्येक घरात असते आणि ती चूक आहे असं मी म्हणणार नाही. कष्टाने जमवलेल्या पैशांची ती किंमत आहे. फक्त चुकीच्या जागी गुणलं की जीव हैराण होतो. पगार युरोत, भाडं युरोत, मग कोथिंबीर तेवढी रुपयात का? त्यातून इथल्या किमतींची घडणच वेगळी आहे. जे शेतातून किंवा यंत्रातून येतं ते पगाराच्या मानाने स्वस्त असतं: दूध, लोणी, पीठ, बटाटे, सफरचंदं, ओट्स. जिथे माणसाचा वेळ लागतो ते महाग: केस कापणं, प्लंबर, हॉटेलात जेवण, कुलूप उघडणारा. पुण्यात याच्या उलट सवय लागलेली असते, म्हणून इथे आपण दुधावर हात आखडतो आणि भलतीकडे शेकडो युरो देऊन बसतो. गुणायचंच असेल तर महिनाअखेरीला उरलेली रक्कम गुणा, आणि पुण्याला जाणारी. खर्च झालेली नको.

कुलपावरून आठवलं. इथली बरीच दारं नुसती ओढली तरी बंद होतात आणि बाहेरून मुठीने उघडत नाहीत. कचरा टाकायला गेलात, वाऱ्याने दार लागलं आणि रविवारी रात्री कुलूपवाला बोलावला की काही मिनिटांच्या कामाचे काहीशे युरो सहज जातात. जादाची किल्ली विश्वासातल्या शेजारणीकडे आजच ठेवा.

आता तुमची यादी. तिघांच्या किराणा-भाजीला 480 युरो ही स्टुटगार्टच्या भागात आधीच काटकसर आहे. तिथे हात लावू नका. सुरुवात किंडरगेल्डपासून करा आणि ती या आठवड्यातच करा. 2025 मध्ये हा भत्ता मुलामागे महिना 255 युरो होता, जानेवारी 2026 पासून 259 आहे. तुमच्या यजमानांसारख्या ब्लू कार्डावर किंवा नोकरीच्या परवान्यावर आलेल्यांनाही तो मिळतो. पण मागचे पैसे अर्जाच्या आधीच्या फक्त सहा महिन्यांचे मिळतात. तुम्ही जूनपासून इथे आहात, म्हणजे सुरुवातीच्या काही महिन्यांवर तुम्ही आधीच पाणी सोडलं आहे आणि प्रत्येक नव्या महिन्याबरोबर जुना एक महिना गळतो आहे. एखादं कागदपत्र कमी असेल तरी अर्ज आज पाठवा, राहिलेलं ते मागून घेतात. अर्ज फामिलिएनकासेकडे, म्हणजे हा भत्ता देणाऱ्या कार्यालयाकडे, ऑनलाइन करता येतो. अर्जदाराचा आणि मुलीचा टॅक्स क्रमांक, मुलीचा जन्मदाखला आणि परवान्याची प्रत लागेल. अडकलेले सहा महिने धरले तर पंधराशे युरोंच्या आसपास रक्कम होते, आणि त्यापुढे दरमहा 259. तुम्ही वर्षभर कोथिंबीर सोडलीत तरी एवढे वाचणार नाहीत.

दुसरी गोष्ट पगाराच्या स्लिपवर आहे. तिथे श्टॉयरक्लासे, म्हणजे कराचा वर्ग, लिहिलेला असतो. तो 1 असेल तर नगरपालिकेच्या दप्तरी तुमचं लग्न नोंदलेलंच नाही. अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) केलेला विवाहाचा दाखला आणि जर्मन भाषांतर घेऊन जा आणि नोंद करून घ्या. 4 असेल तर दोघांच्या सहीने 3 आणि 5 अशी जोडी मागता येते. नवरा कमावता, बायकोला सध्या पगार नाही, अशा घराला 3 चा उपयोग होतो. तुमच्या उत्पन्नाला महिन्याकाठी काहीशे युरो जास्त हातात पडावेत. यात एक गोष्ट नीट समजून घ्या: वर्षाचा एकूण कर त्यामुळे बदलत नाही. एरवी वर्षअखेरीच्या विवरणपत्रातून परत मिळाले असते ते पैसे तुम्हाला महिन्याच्या महिन्याला मिळतात, एवढंच. ही जोडी घेतली की विवरणपत्र भरणं सक्तीचं होतं. पुढे तुम्हाला नोकरी लागली की पुन्हा हिशेब करा, कारण 5 मधून कापलेला पगार बघून भल्याभल्यांचं मन खट्टू होतं. मूल व्हायची शक्यता असेल तर बाळंतपणानंतरचा भत्ता आईच्या हातात पडणाऱ्या पगारावर ठरतो, तेव्हाही हा वर्ग आधी बदलावा लागतो.

2025 चं विवरणपत्र मात्र भराच. पुण्याहून सामान हलवण्याचा जो खर्च कंपनीने दिला नाही, तो त्यात दाखवता येतो. किंडरगार्टनच्या फीपैकी 80 टक्के रक्कमही, मुलामागे वर्षाला 4,800 युरोंच्या मर्यादेत. जानेवारी ते मेचा भारतातला पगारही लिहावा लागेल, तो लपवू नका. हे काम स्वतः जमत नसेल तर लोनश्टॉयरहिल्फे नावाच्या सहकारी संस्था असतात. त्या उत्पन्नानुसार वार्षिक वर्गणी घेतात आणि विवरणपत्र भरून देतात. पहिल्या वर्षी ते पैसे सत्कारणी लागतात.

आता ते 640 युरोंचं बिल, ज्यावरून तुमचं भांडण झालं. त्यात दोष तुमचा नाही आणि यजमानांचाही नाही. हीटिंगसकट जे भाडं आपण देतो त्यातला घराचा हिस्सा ठरलेला असतो. पाणी, हीटिंग, कचरा, जिन्याचे दिवे, झाडलोट यांचा जो हिस्सा असतो त्याला नेबेनकोस्टेन म्हणतात, आणि ती नुसती आगाऊ उचल असते. वर्ष संपल्यावर मालक खरा हिशेब करतो, जास्त गेले असतील तर परत देतो, कमी पडले असतील तर मागतो. हिशेबाचं वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत त्याने तो दिला पाहिजे. उशीर केला तर जादा पैसे मागण्याचा हक्क जातो. तुम्हाला वेळेत मिळालेला आहे. आता तुमच्या हातातही बारा महिने आहेत, हरकत घेण्यासाठी.

तो कागद घेऊन टेबलाशी बसा. पहिल्या पानावर दोन तारखा असतात, हिशेबाचा काळ आणि तुमच्या वास्तव्याचा काळ. तुम्ही जूनपासून राहताय. दुसऱ्या तारखेत जानेवारी दिसला तर आधीच्या भाडेकरूचा जानेवारी ते मेचा खर्च तुमच्या डोक्यावर आला आहे. मग चौरस मीटर पाहा, भाडेकरारातलं क्षेत्रफळ तेच आहे ना. मग एकेक बाब वाचा. मालमत्ता कर, विमा, कचरा, बाग, लिफ्ट हे करारात असेल तर भाडेकरूकडून घेता येतं. दुरुस्ती आणि व्यवस्थापनाचा खर्च घेता येत नाही. रेपाराटुअर किंवा फरवाल्टुंग असे शब्द दिसले तर त्याखाली रेघ मारा. हीटिंगच्या खर्चाचा निदान अर्धा आणि जास्तीत जास्त 70 टक्के भाग तुमच्या मीटरवरच्या वापरानुसार आणि उरलेला क्षेत्रफळानुसार वाटायचा, असा नियम आहे. शंका आली तर मूळ पावत्या बघायला मागण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि तो मागितल्याने कुणाचा अपमान होत नाही. आपल्याकडे घरमालकाशी संबंध बिघडतील म्हणून गप्प बसतात. इथे सभ्य भाषेत लिहिलेलं पत्र रोजचा व्यवहार समजतात.

मदतीला मीटरफराइन, म्हणजे भाडेकरूंचा संघ, आहे. वर्षाची वर्गणी साधारण शंभर युरोंच्या आसपास असते. त्यांचे वकील तुमचं बिल वाचून पत्रही लिहून देतात. तोवर पैसे द्यावे लागले तर सोबत एक ओळ लिहा की हरकतीचा हक्क राखून देत आहोत. बिल अंगावर घेऊन नुसतं बसू मात्र नका. इथे पत्राला उत्तर दिलं नाही की आधी स्मरणपत्र येतं, मग वसुली संस्थेचा आकार चढतो, आणि शेवटी पत इतकी खराब होते की पुढचं घर मिळताना त्रास होतो.

समजा बिल बरोबर निघालं. तर मग हीटर कसा वापरताय ते बघा. रेडिएटरच्या मुठीवर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे खोली साधारण 20 अंशांवर. 5 वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते. आपल्या घरांत दुसरं एक होतं: कुकरच्या तीन शिट्ट्या, वरणाची उकळी, पोळ्या, आणि बाहेर थंडी म्हणून कपडे आतच दोरीवर. सगळी वाफ खिडकीच्या चौकटीपाशी जमते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. मग आपण खिडकी दिवसभर वरून तिरकी उघडी ठेवतो, म्हणजे खाली रेडिएटर चालू आणि वरून ऊब बाहेर. त्याऐवजी रेडिएटर बंद करून समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा, पाच-दहा मिनिटं, सकाळी, स्वयंपाकानंतर आणि झोपताना, मग घट्ट बंद करा. भिंती गरम राहतात, हवा कोरडी होते. बुरशी धरली तर घर सोडताना मालक अनामतीतून पैसे कापायला बघतो, तेव्हा हे दोन्ही बाजूंनी राखायचं आहे.

विजेचे 128 मला जास्त वाटतात. नव्या घरात आपण कंपनी निवडली नाही की गावची ठरलेली वीज कंपनी आपोआप लागू होते, आणि तिचा मूळ दर बहुतेक वेळा महाग असतो. तो करार दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येतो. दर तुलना करणाऱ्या साइटवर पिनकोड आणि वर्षाचे युनिट टाका, पण पहिल्या वर्षीचा बोनस न धरता दर बघा, नाहीतर दुसऱ्या वर्षी चटका बसतो. वर्षभराच्या ठरावीक युनिटांचं पाकीट आगाऊ विकत घेऊ नका. न्हाणीघरात भिंतीवर पाणी लगेच तापवणारी पेटी आहे का? ती 21 किलोवॅटची असली तर दहा मिनिटांच्या शॉवरला साडेतीन युनिट जातात, म्हणजे सव्वा युरोच्या आसपास. तिघांच्या रोजच्या शॉवरचा हिशेब तुम्हीच करा. तिचं तापमान 38-40 अंशांवर आणा. बादली-तांब्याची आंघोळ ही आपल्या घरची जुनी पद्धत इथे थेट पैसे वाचवते. हिवाळ्यात मुलीला टबमध्ये बसवलंत तरी पाणी अर्धंच भरा.

मोबाइल आणि इंटरनेटच्या 115 युरोंत बहुधा हँडसेटचे हप्ते आहेत. करारातली शेवटची तारीख शोधा आणि कॅलेंडरवर तीन महिने आधी खूण करा. सुरुवातीचा करार दोन वर्षांपर्यंतचा असू शकतो, पण तो संपला की एका महिन्याच्या नोटिशीवर सुटता येतं. तुमच्या फोनला साधं दहा युरोंच्या आतलं सिम पुरेल. जिमलाही तोच नियम. ऑनलाइन घेतलेला करार मोडायचं बटण कंपनीच्या साइटवर असणं 2022 पासून सक्तीचं आहे. खात्यातून चुकीची रक्कम कापली गेली असेल तर बँकेला सांगून ती आठ आठवड्यांत परत फिरवता येते, हेही लक्षात ठेवा.

पेन्शन पॉलिसीबद्दल मला स्पष्ट बोलावं लागेल. नवीन आलेल्या कुटुंबांना आपल्याच भाषेत बोलणारं, घरी चहाला येणारं माणूस भेटतं आणि पहिल्याच महिन्यात तीस वर्षांची पॉलिसी गळ्यात पडते. अशा पॉलिसीत विकणाऱ्याचं कमिशन आणि सुरुवातीचा खर्च पहिल्या पाच वर्षांच्या हप्त्यांतून वजा होत असतो, त्यामुळे लवकर मोडली तर हातात फार थोडं येतं. तुम्ही इथे किती वर्षं राहणार हेच अजून ठरलेलं नाही. घेऊन तीस दिवस झाले नसतील तर रद्द करा. झाले असतील तर हप्ता थांबवून ती तशीच ठेवता येते का, हे कंपनीला लेखी विचारा. फरब्राउखरत्सेंट्राले ही ग्राहकांची सल्ला संस्था आहे, स्टुटगार्टलाही तिचं केंद्र आहे. थोडं शुल्क घेऊन ते कागद तपासून देतात आणि त्यांना काही विकायचं नसतं. ओळखीच्या माणसाला वाईट वाटेल हा विचार बाजूला ठेवा. महिन्याचे 150 तुमचे आहेत.

आणि जो विमा हवा तो तुमच्या यादीत नाही! हाफ्टफ्लिख्ट. तुमच्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरपाई देतो. अख्ख्या कुटुंबाचा हप्ता वर्षाला शंभर युरोंच्या आत-बाहेर असतो. सायकलवरून जाताना उभ्या गाडीला ओरखडा पडला, भाड्याच्या घराची किल्ली हरवली आणि इमारतीची सगळी कुलपं बदलावी लागली, अशा वेळी त्याची किंमत कळते. घेताना सात वर्षांखालच्या मुलांनी केलेलं नुकसान आणि हरवलेल्या किल्ल्या यांचा समावेश आहे ना, ते वाचा.

काय कापू नये हेही सांगते. जर्मनचा क्लास कापू नका. 63 युरोंचा तुमचा पास तुम्ही दोनच दिवस वापरत असाल तर तो क्लास, ग्रंथालय, बाग यांसाठी पुरेपूर वापरा. सहा वर्षांखालची मुलगी लोकल गाड्यांतून फुकट येते. यजमानांच्या कंपनीत जॉबतिकीट, म्हणजे कंपनीमार्फत सवलतीचा पास, मिळतो का, ते विचारा. मुलीच्या खोकल्याची, तापाची औषधं दुकानातून विकत आणत असाल तर थांबा. बारा वर्षांखालच्या मुलांना साधी औषधंसुद्धा डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिली की त्यांचे पैसे सरकारी आरोग्य विमा देतो. तुम्ही दोघी यजमानांच्या विम्यात विनाहप्ता आहात ना, एवढी खात्री करा. मुलीचे थंडीचे कपडे किंडरगार्टनच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात घ्या. चिखलाची विजार आणि गमबूट तिथे चांगल्या अवस्थेत मिळतात, कारण मुलं एका मोसमातच त्यातून बाहेर येतात. रोजचे बूट मात्र नवे घ्या.

स्वयंपाकघराचं सांगते ते पैशांसाठी कमी आणि सोयीसाठी जास्त. भारतीय दुकानात महिन्या-दोन महिन्यांनी एकदाच जा: तुरीची डाळ, पोहे, साबुदाणा, हिंग. कोथिंबीर, पुदिना, वांगी, भेंडी, मसूर, छोले, तीळ तुर्की दुकानात घ्या. तिथली कोथिंबिरीची जुडी हातात मावत नाही. रव्याला इथला ग्रीस चालतो, शिरा उत्तम होतो. श्रीखंडासाठी क्वार्क, म्हणजे घट्ट दह्यासारखं ताजं चीज, आणा, फडक्यात बांधून तासभर टांगा आणि साखर घोटा. चक्का बांधायचं निम्मं काम वाचतं. पाणी नळाचं प्या. बाटल्या घेतल्याच तर एकदाच वापरायच्या दर प्लास्टिक बाटलीमागे 25 सेंट अनामत कापलेली असते, ती रिकामी बाटली मशीनमध्ये टाकून परत घ्या.

पुण्याच्या 550 बद्दल मी काही कमी करा म्हणणार नाही. तो तुम्हा दोघांचा शब्द आहे. फक्त दर आठवड्याला थोडे थोडे न पाठवता महिन्यातून एकदाच पाठवा, आणि परदेशी राहणाऱ्याने भारतातलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं खातं, करून घ्यावं लागतं, ते झालंय का ते बघा.

राहिलं तुमचं अपराधी वाटणं. यजमानांशी एका शनिवारी, मुलगी झोपल्यावर, ही यादी समोर ठेवून बोला. तुमच्या नावाचं स्वतंत्र खातं उघडा आणि त्यात दर महिन्याच्या एक तारखेला ठरलेली रक्कम येऊ द्या, जिचा हिशेब कुणी कुणाला द्यायचा नाही. तेवढीच यजमानांचीही असू दे. किंडरगेल्ड सुरू झालं की सुरुवातीला दोघांचे पन्नास-पन्नास काढले तरी शंभराहून जास्त शिल्लक राहते. तुम्ही नोकरी सोडून घर उभं करताय, नवी भाषा शिकताय, मुलीला परक्या शाळेत रुळवताय. हे काम पगाराच्या स्लिपवर येत नाही म्हणून ते फुकट होत नाही. गेल्या दोन-तीन वर्षांत अशी पत्रं वाढली आहेत. महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये तुमच्याच बाडेन-व्युर्टेंबेर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला, त्यामुळे ती आणखी येतील. आणि जवळजवळ प्रत्येक पत्रात नवऱ्याचा पगार लिहिलेला असतो, बायकोचं नाव खात्यावर नसतं. कृपा करून हे बदला.

आता आईचं सामान. तूप, पेढे, खवा, श्रीखंड यांपैकी काहीही आणायला सांगू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. हापूसही नाही. ताज्या फळांत केळी, नारळ, अननस, खजूर आणि डुरियन एवढ्यांनाच कागदपत्रांशिवाय परवानगी आहे. कढीपत्त्याची ताजी पानंसुद्धा त्यात बसत नाहीत. तूप घरीच करा, सुपरमार्केटचं बिनमिठाचं लोणी कढवलं की सुंदर तूप होतं. आईंच्या प्रवासाचा आरोग्य विमा व्हिसापुरता, म्हणजे 30,000 युरोंचा, काढून भागवू नका. जास्त रकमेचा घ्या आणि रक्तदाब-मधुमेहासारखे जुने आजार त्यात धरले आहेत का, हे त्यांच्या एजंटकडून लेखी घ्या. इथल्या इस्पितळातला आठवडा तुमची वर्षाची शिल्लक नेऊ शकतो. बॅगेत गोडा मसाला, आमसुलं, मेतकूट, भाजणी आणि मुलीची मराठी पुस्तकं येऊ द्यात. आणि कुकरच्या दोन रिंगा आणि एक शिट्टी नक्की मागवा, तुमच्या कुकरच्या कंपनीचा आणि लिटरचा आकडा आईंना फोटो काढून पाठवा, कारण त्या मापाची रिंग इथे सहज मिळत नाही.